शाळेत न घालण्याची अट

दिवाळी महिन्यावर आली की आमच्या घरात दोन कामे एकदम निघतात. एक भाजणीचे, नि दुसरे संपादकांना दिलेला शब्द पाळण्याचे. यंदा पहिले काम मी हौसेने आधी काढले होते. कढईतली हरभऱ्याची डाळ तांबूस होत आली होती, एवढ्यात दारात एक आई नि तिची मुलगी येऊन उभ्या राहिल्या. मुलगी माझ्याच बालवाडीतली. वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्या पदराला धरून रडलेली, आणि आता पुण्यात नोकरी करणारी.

"बाई, आता तुम्हीच सांगा हिला," आई बसता बसताच म्हणाली. "चांगले स्थळ हातचे चालले आहे."

हकीकत अशी. मुलाकडची मंडळी येऊन गेली. पोहे झाले, चहा झाला, मग रीतीप्रमाणे दोघांना गच्चीवर बोलायला धाडले. मुलाने आवडीनिवडी विचारल्या. तुझे काही विचारायचे आहे का, म्हणाला. तेव्हा ही म्हणाली, "मला मुले झाली तर मी त्यांना शाळेत घालणार नाही. घरीच शिकवणार. तुम्हाला चालेल का?" तो भला मनुष्य विचार करून सांगतो म्हणाला, आणि गेले पंधरा दिवस तो विचारच करतो आहे.

"अजून लग्नाचा पत्ता नाही, आणि हिला पोरांच्या शाळेची पंचाईत!" आईने कपाळाला हात लावला.

मी पडले मास्तरीण. स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, पण गेली पंचवीस वर्षे दुसऱ्यांच्या पोरांना 'शाळा छान असते' हे पटवून देण्यावर माझा संसार चालला आहे. कादंबऱ्यांवर तो चालला नसता, हे माझ्या वाचकांना सांगायला नकोच. तेव्हा या बाबतीत माझा सल्ला घेणे म्हणजे साखर वाईट का, हे हलवायाला विचारण्यासारखे. तरी मी मुलीकडे वळले. ती शांतपणे म्हणाली, "बाई, पत्रिका बघतात, पगार विचारतात, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा हेही विचारतात. मग ज्यात पुढची वीस वर्षे जायची, ते मी विचारले तर काय चुकले?"

मला उत्तर सुचले नाही. खरे तर तिचे काहीच चुकले नव्हते. मीच कायद्याचा आधार घेतला. म्हटले, 2009 सालचा शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य मानतो. पण पोरगी माझ्याहून जास्त वाचलेली. ती म्हणाली, त्याच कायद्यात न घालणाऱ्या पालकाला शिक्षा काही सांगितलेली नाही, आणि चौदा वर्षे पुरी झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीची परीक्षा देता येते. कायद्याने माझी बाजू अशी अर्धीच धरली.

मग मला गांधीजी आठवले. ही अट काही आजच्या पोरींनी काढलेली नाही. 1897 साली गांधीजी दोन मुले नि एक भाचा घेऊन डरबानला उतरले, तेव्हा गोऱ्यांच्या शाळेत या पोरांना मेहरबानी म्हणून जागा मिळाली असती. इतर हिंदी मुलांना जे मिळत नाही ते आपल्यांना नको, म्हणून त्यांनी ती घेतली नाही. मिशनच्या शाळा त्यांना पसंत नव्हत्या. घरीच शिकवायचे ठरले. काही दिवस एक इंग्रज बाईही ठेवली. पुढे जोहान्सबर्गला ते पोरांना बरोबर घेऊन कचेरीपर्यंत चालत जात, परत येत, आणि त्या पाच मैलांत जमेल ते शिकवीत. विचार किती उदात्त! आणि 'सत्याचे प्रयोग' लिहिताना त्याच माणसाने काय कबूल केले? की रोज नेमाने निदान एक तास या पोरांच्या अक्षरशिक्षणाला देता आला असता, तर ते आदर्श झाले असते. तो तास मिळाला नाही. मुलांना ती उणीव बोचत राहिली. एखादा पदवीधर, फार काय, एखादा मॅट्रिक झालेला दिसला तरी त्यांना ती बोचे, असे त्यांनीच लिहिले आहे. (माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्यांचा हेवा कुणाला वाटल्याचे मी आयुष्यात एवढे एकदाच वाचले.) थोरला हरिलाल 1911 साली घर सोडून हिंदुस्थानात आला, कशासाठी, तर मॅट्रिक व्हायला. ती परीक्षा त्याला साधली नाही.

कस्तुरबांचे नि त्यांचे लग्न झाले ते तेराव्या वर्षी. पोरांच्या शाळेबद्दल एकमेकांचे मत विचारून घ्यायला तिथे सवड कुठली? पण समजा विचारले असते, आणि मत जुळलेही असते, तरी तो एक तास कुठून आला असता?

तो तास सापडलेले एक घर मला ठाऊक आहे. पंडिता रमाबाईंचे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांना बायकांनी संस्कृत शिकावे असे फार वाटे. पहिल्या पत्नीला शिकवू गेले, तर घरच्यांनी चालू दिले नाही. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई लग्नात नऊ वर्षांची. तिला घेऊन ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले आणि तिथे तिला शिकवले. 1858 साली रमाबाई जन्मल्या. पुढे त्यांना शिकवण्याची वेळ आली तेव्हा शास्त्रीबुवा थकले होते. शिकवले ते आईने, तेही घरकामाचा रगाडा सुरू होण्याआधी, पहाटे, अर्धवट झोपेतल्या पोरीला उठवून. मत शास्त्रीबुवांचे होते. झोप मोडली ती लक्ष्मीबाईंची. त्या नवऱ्या मुलीला तिचे मत कुणी विचारले होते, असे मात्र मला म्हणवत नाही.

हे सगळे मी मुलीला सांगितले आणि म्हटले, "तू त्याला मत विचारलेस. मत काय, गच्चीवर कुणीही देईल. तू नोकरी करणार आहेस ना?"

"हो."

"मग रोज सकाळी दहा ते बारा पोराजवळ कोण बसणार?"

ती गप्प झाली. तो घरून काम करतो, जमेल कदाचित, असे काहीतरी पुटपुटली. त्याला हे विचारले होते का? नव्हते. "तो हो म्हणाला असता," मी म्हटले, "तर त्या होकारात तुझी नोकरी सुटणे त्याने गृहीत धरले असते का, हेही तुला कळले नसते. आणि आणखी एक. पोर नऊ वर्षांचे झाल्यावर म्हणाले, मला शेजारच्यांसारखे दप्तर घेऊन जायचे आहे, तर?"

"तर जाईल," ती लगेच म्हणाली.

"हे त्याला सांगितलेस?"

"नाही. मी फक्त अट सांगितली."

आई माझ्याकडे मोठ्या आशेने पाहू लागली. पण मी तिला म्हटले, "वहिनी, हिला गप्प बसवू नका. त्या मुलाला परत एकदा बोलवा, आणि या खेपेला दोघांना जरा जास्त वेळ बसू द्या." आईला हे काही फारसे रुचले नाही. भाजणीचा वास बरा येतो आहे, एवढेच म्हणून ती उठली.

त्या गेल्या, आणि मी कढईपाशी नुसतीच उभी राहिले. कारण त्या पोरीला मी जे सांगितले नाही ते असे. आमचा मुलगा तिसरीत असताना बोलताना अडखळायचा. त्याच्या वर्गात रोज धडा मोठ्याने वाचायला त्यालाच उभे करीत, आणि वर्ग हसे. तो सकाळी पोटात दुखते म्हणायचा. आमचे हे एस. टी.त कंडक्टर, शिक्षणाबद्दल यांनी जन्मात कधी मत दिले नव्हते. पण एके दिवशी म्हणाले, "वर्षभर राहू दे त्याला घरी. मी मुक्कामाच्या गाडीची ड्यूटी मागून घेतो. दुपारभर घरी असेन, वाचीन त्याच्याबरोबर." मी म्हटले, शिक्षिकेचा मुलगा शाळेत जात नाही, लोक काय म्हणतील? आणि पोराचा हात धरून त्याला रोज त्या फाटकाशी सोडून मी माझ्या बालवाडीत 'शाळा छान असते' शिकवायला जात राहिले. लग्नाआधी कुणी आम्हाला विचारले असते, तर दोघांनी एका सुरात सांगितले असते, मुलांना शाळेत घालायचेच. आमचे मत अगदी जुळले असते.

मुलगा आता वीस वर्षांचा आहे. अडखळणे पुष्कळ कमी झाले. तिसरीबद्दल तो कधी बोलत नाही, नि मीही विचारीत नाही.

रात्री जेवणे झाल्यावर मी यांना म्हटले, "तेव्हा तुम्ही ती ड्यूटी खरेच मागितली असती?"

हे भाजणीच्या डब्याचे झाकण बसवीत होते. नीट बसत नव्हते, म्हणून पुन्हा काढून बसवले.

"अर्ज लिहिला होता," ते म्हणाले. "आठवडाभर खिशात घेऊन हिंडत होतो."