उताराचा जिल्हा

आंबोलीत वर्षाला 7,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. खाली मालवण-वेंगुर्ल्यातही तो 3,000 च्या घरात जातो. तरी मे उजाडला की सिंधुदुर्गातल्या सड्यावरच्या वाड्यांतल्या बाया कळशी घेऊन पाणी हुडकत फिरतात. पावसाची उणीव असलेल्या मुलखाची तहान समजू शकते. ही तहान वेगळी आहे.

सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांत इथे पन्नासेक किलोमीटरचंच अंतर. तेरेखोल, कर्ली, गड या नद्या उगम पावतात आणि बघता बघता खाडीला मिळतात. त्यात जमीन जांभ्याची, सच्छिद्र. पाणी मुरतं, पण झऱ्यांवाटे लवकरच निघूनही जातं. चार महिन्यांची श्रीमंती दिवाळीनंतर ओसरू लागते.

1 मे 1981 रोजी रत्नागिरीपासून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. कचेऱ्या जवळ आल्या, पण उतार तोच राहिला, आणि तो केवळ पाण्याचा नव्हता. 2001 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 होती. 2011 मध्ये ती 8,49,651 वर आली. राज्य वाढत असताना हा जिल्हा घटला. आंबाही पेटीत भरून नवी मुंबईतल्या वाशीच्या बाजारात जातो आणि त्याचा भाव तिथे ठरतो. थंडी लांबली, पुन्हा मोहोर आला किंवा अवकाळी पाऊस झाला, तर नुकसान मात्र बागायतदाराच्या पदरी.

मुंबईला कामाला गेलेल्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींनी घरं तगली, हे नाकारता येत नाही. मात्र त्या पैशातून कौलं बदलली, लग्नं झाली, गणपती थाटात बसले. गावात रोजगार उभा राहिला तो थोडाच. 1997 मध्ये जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पर्यटनाने किनाऱ्याला कमाई दिली खरी. पण पर्यटकांची मोठी गर्दी मे महिन्यातली, म्हणजे विहिरी तळाला गेलेल्या असतात तेव्हाची. दुखण्यावरचं औषधच दुखणं वाढवतं.

म्हणून कोणत्याही योजनेला पहिला प्रश्न असा विचारावा: यातलं इथे थांबणार काय? उत्तराचा नमुना शोधायला लांब जायला नको. मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव 1530 चा. डोंगरांमधली खिंड मातीच्या बांधाने अडवली आणि पाणी पाचशे वर्षं शेतांना मिळत राहिलं. गावोगावी पाऊस सरताना ओहोळांवर दगडमातीचे बंधारे घालून वायंगणी म्हणजे उन्हाळी भात पिकवण्याची रीतही जुनीच.

ती मोडत चालली, कारण बांध घालणारे हात मुंबईला गेले. आणि हात गेले, कारण भाताच्या एका पिकावर वर्ष निघत नव्हतं. हे चक्र कुठून तोडायचं? माणसाला अडवता येत नाही, अडवूही नये. त्याला परतावंसं वाटेल एवढंच करता येतं. पाणी मात्र अडवता येतं. सुरुवात तिथून व्हावी, आणि तीही दिवाळीच्या आत, ओहोळ वाहता असताना.