चांदणीचा दगड आणि आपला उतावीळपणा

लोकसमजुती म्हणजे अडाणीपणाचा साठा, विज्ञान आले की तो आपोआप ओसरतो, असे विवेकवादी व्यासपीठांवरून हल्ली फार खात्रीने सांगितले जाते. मी त्याच बाजूचा आहे, म्हणूनच या विधानाशी माझे भांडण आहे.

एका दगडाचेच उदाहरण घ्या. तो दक्षिण इंग्लंडमधल्या खडूच्या टेकड्यांत सापडतो. सी-अर्चिन या काटेरी समुद्रजीवाचा हा क्रिटेशस काळातला जीवाश्म. काटे गळून गेले, कवचावरची पाच पट्ट्यांची चांदणी तेवढी टिकली. मेंढपाळ त्याला ‘मेंढपाळाचा मुकुट’ म्हणत. सफोकमध्ये तो ‘परीचा पाव’. चुलीपाशी ठेवला की घरात पावाची ददात पडत नाही, अशी श्रद्धा. वीज पडू नये, दूध नासू नये म्हणूनही लोक तो घरात ठेवत.

यातली एकही समजूत खरी नाही. पण ती जुळण्याआधी कुणीतरी वाकून हा दगड निवडला, ते का? इंग्लंडमध्येच स्वॉन्सकोंब इथे सापडलेली सुमारे 4 लाख वर्षांपूर्वीची हातकुऱ्हाड पाहा. ती ज्या गारगोटीतून घडवली तिच्यातच असा जीवाश्म आहे, आणि घडवणाऱ्याने तो फोडून टाकलेला नाही. तेव्हा आपली मानवजातही उदयाला आली नव्हती.

माझा खरा साक्षीदार मात्र इंग्लंडमधल्याच डन्स्टेबलची एक प्राचीन कबर. 1887 मध्ये वर्दिंग्टन स्मिथ या पुरातत्त्व अभ्यासकाला तिथे एका बाईचा आणि मुलाचा सांगाडा मिळाला. माती पुन्हा पुन्हा चाळल्यावर असे दोनशेहून अधिक जीवाश्म निघाले, असे त्याने नोंदवले. त्याच्या पुस्तकातल्या चित्रात मायलेकरांभोवती या जीवाश्मांचे कडे आहे. त्या टेकडीचा खडकच खडूचा, मग हे दगड तिथे आपसूक असतील, असा आक्षेप घेता येतो. काही असतीलही. पण एका खड्ड्यात दोनशे? ते कुणीतरी वेचून आणले असावेत, असे मला वाटते. कडे नेमके तसेच होते का, हे मात्र चित्रावरून ठरत नाही.

इथे मला परंपरेचे गोडवे गाणाऱ्या दुसऱ्या गटालाही अडवावे लागते. ‘पाहा, लाखो वर्षांची अखंड श्रद्धा!’ असे ते म्हणतील. पण कबरीतल्या दगडाचा अर्थ आपल्याला कुणी सांगून ठेवलेला नाही. सफोकच्या चुलीवरून तो मागे ढकलणे हीही अंधश्रद्धाच. जिथे लेखी नोंद आहे, तिथे ती काय सांगते पाहा. इटलीतल्या तुरीनच्या संग्रहालयात इजिप्तमधला असाच एक जीवाश्म आहे. त्यावरच्या चित्रलिपीत तो सोपदूच्या खाणीच्या दक्षिणेला चानेफर नावाच्या पुरोहिताला सापडल्याची नोंद आहे. स्थळ आणि शोधणारा: आजचा संशोधक नमुन्यावर हेच तर लिहितो!

आपल्याकडे मूतखड्यावर दिला जाणारा ‘हजरुल यहूद’ म्हणजे याच प्राण्याचे अश्मीभूत काटे. त्याने खडा विरघळतो का, याची कठोर परीक्षा झालीच पाहिजे. तिथे मी तसूभर सूट देणार नाही. परीक्षा दाव्याची घ्यावी. वेचणाऱ्या डोळ्यांची हेटाळणी करू नये.

कारण विज्ञानही त्याच डोळ्यांनी सुरू झाले. मार्गेटचा डॉक्टर आर्थर रो याने दंतवैद्याच्या यंत्राने हे जीवाश्म साफ केले, थरांनुसार लावले आणि 1899 मध्ये मायक्रास्टर हा सी-अर्चिन खडूच्या थराथरांतून हळूहळू कसा बदलत गेला ते दाखवले. मेंढपाळ चांदणीपाशी थांबला, रोने दोन चांदण्यांतला फरक मोजला. पहिले थांबणे ज्या शाळेत हिणवले जाते, तिथून दुसरा रो निघणार नाही.