टेकूची जागा आणि टेकूची उंची

धर्मातले आचार माणसाला सावरण्यासाठी असतात, मग तेच त्याची वाट का अडवतात? या प्रश्नाचे उत्तर कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीच्या रस्त्यावर सापडते. गळीत हंगामात ट्रॅक्टरपासून सोडवलेल्या उसाच्या ट्रॉलीच्या दांडीखाली टेकू लागतो आणि निघताना तो वर घ्यावाच लागतो. प्रवासी घरगाडीत, म्हणजे कॅराव्हॅनमध्ये, हे अधिक नेमके दिसते. तिच्या कोपऱ्यांवरचे जॅक वजन उचलण्यासाठी नसतात. आधी चाकांखाली फळ्या घालून गाडी समतल करायची, मग जॅक जमिनीला जेमतेम भिडेपर्यंत उतरवायचे. भार चाकांवर, आसावरच राहतो. जॅकने गाडी उचलू पाहिली तर तो वाकतो, सांगाडाही पिळवटतो. वर घेऊनही तो खाली लोंबत असेल, तर गतिरोधकावर किंवा चरीत घासतो. तेव्हा जॅक काढून फेकत नाहीत, त्याची बैठक वर सरकवतात. मग मुक्कामी त्याच्याखाली ठोकळा ठेवावा लागतो, इतकेच.

आचाराचेही असेच आहे. माणसाचा भार न्यायबुद्धीने आणि करुणेने पेलायचा. विधीने फक्त डगमग थांबवायची. कोल्हापुरात १८९९ च्या सुमारास वेदोक्त प्रकरण उभे राहिले, ते हा क्रम उलटल्यामुळे. कुणाच्या घरी वैदिक आणि कुणाच्या घरी पुराणोक्त मंत्र म्हणायचे यावर माणसाची प्रतिष्ठा तोलली गेली, म्हणजे जॅकवर सगळी गाडी चढवली गेली. कोल्हापूर संस्थानचे छत्रपती राजर्षी शाहू यांनी विधी टाकून दिले नाहीत. त्यांनी १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूंचे, म्हणजे ब्राह्मणेतर धर्मगुरूंचे, पीठ स्थापून पौरोहित्याची बैठकच हलवली. मूळ भार मात्र त्यांनी दुसरीकडे पेलला: १९०२ च्या जाहीरनाम्याने मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

यावर कुणी म्हणेल, टेकूच कशाला हवा, सगळे विधी मोडीत काढा. पण पुरोहितशाही नाकारणाऱ्या सत्यशोधकांनीही १८७३ पासून स्वतःची विवाहपद्धती घडवलीच. लग्न आणि मरण हे आयुष्यातले मुक्काम आहेत. तिथे माणूस डळमळतो, त्याला चारचौघांचा आधार लागतो. दुसरा म्हणेल, आचारांना हात लावू नका, तत्त्वज्ञानच उंच न्या. गाडी नुसती उंच केली तर जॅक घासत नाही हे खरे, पण गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती कलते. सर्वांभूती एकच आत्मा असे सांगणाऱ्या समाजाने माणसांना पाणवठ्यावरून हाकलले, ते याच उंचीवर.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे: आचाराची उंची ठरवायची कुणी? ज्याला त्याला आपापल्या सोयीने ठरवू दिली तर धर्म उरेल कसा? पण जॅकची उंची मालकाची सोय ठरवत नाही, जमीन ठरवते. आचाराची जमीन म्हणजे ज्यांना तो घासतो ती माणसे: मंदिराबाहेर थांबवलेला माणूस, हळदीकुंकवातून वगळलेली विधवा. त्यांची साक्ष घेतल्याशिवाय कोणताही आचार योग्य उंचीवर आहे असे म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. आणि ती साक्ष ऐकून आचार बदलणे हा धर्माचा ऱ्हास नव्हे. धर्म चालता ठेवण्याची ती पहिली अट आहे.