थापटणे बाहेर, हात आत

सज्जनहो, गोरोबाकाकांचे थापटणे ठाऊक नाही असा वारकरी विरळा. मुक्ताबाईंनी विचारावे, काकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी थापटावी, आणि नामदेवराय रागावले म्हणून ते मडके कच्चे ठरावे! कथा आपण कीर्तनात शंभरदा ऐकली. पण थापटणे हाती धरून कधी पाहिले आहे काय?

आम्ही यंदा धरले. चैत्र वद्य त्रयोदशी ही काकांची पुण्यतिथी, शके १२३९ साली (इ.स. १३१७) तेरला त्यांनी देह ठेवला, असे परंपरा सांगते. त्या दिवशी मुलांकडून मातीची गाडगी करवून घ्यावी असे मनात आले. चाक नाही, हत्यार नाही. गावचे कुंभारबाबा हसून म्हणाले, "बुवा, हत्यारं तर घरातच असत्यात!"

आणि खरेच निघाली की! जुन्या फळीचा तुकडा तासला, झाले थापटणे. ओढ्यातला गुळगुळीत गोटा आणला. फुटक्या करवंटीची कड दगडावर घासली, ती खरवडायला. बांबूची कामटी कापायला, ओली चिंधी काठ फिरवायला. मुलांनी मातीच्या वळ्या एकीवर एक रचून सांधे बोटांनी मिटवले. थापटण्याला माती चिकटू नये म्हणून राख लावली.

एका मुलाने जोरात थापटले, तो गाडग्याची कूसच आत बसली! बाबा म्हणाले, "आतनं गोटा धर लेका. आत हात नसला तर मार सोसत न्हाई."

ते ऐकून आम्ही मान खाली घातली. गेल्या वारीत दिंडीतला एक पोर टाळ चुकला, तेव्हा चारचौघांत आम्ही त्याला टाकून बोललो. त्याने टाळ खाली ठेवला, तो पुन्हा उचललाच नाही. थापटणे आमचे होते. आत हात कुणाचाच नव्हता. नामदेवरायांना काकांचा टोला लागला खरा, पण मागोमाग विसोबा खेचरांचा हात लाभला. म्हणून ते मडके फुटले नाही, पक्के झाले.

परवा आम्ही त्या पोराच्या दारी गेलो. "बाळा, चूक आमची," म्हणालो. तो उंबऱ्यातच उभा राहिला, बोलला नाही. आषाढीला येईल की नाही, पांडुरंग जाणे. त्याचे टाळ आम्ही पुसून ठेवले आहेत.

तेव्हा बाबांनो, मुलाला, सुनेला, शिष्याला शब्दाचा टोला देण्याआधी एवढेच पाहा, आपला दुसरा हात कुठे आहे? तो आत नसेल, तर थापटणे खाली ठेवा.

रामकृष्ण हरि!