बसणारा आणि बघणारा

जळोचीत राहून आम्ही माणसांची चित्रे काढतो असे सांगितले की पहिला प्रश्न येतो, ‘फोटोवरून ना?’ बहुतेक वेळा होच. घरातले माणूस गेले की रेशनकार्डावरचा नाहीतर लग्नाच्या गर्दीतला अंगठ्याएवढा चेहरा घेऊन कोणीतरी येते. त्या चेहऱ्याशी आमचे नाते जुळत नाही, कारण तो बोलत नाही. पण वर्षाकाठी दोन-चार माणसे जिवंतपणी समोर येऊन बसतात, आणि आमची खरी अडचण तिथून सुरू होते.

खुर्चीत बसलेल्या माणसाकडे आम्ही ज्या नजरेने पाहतो तसे त्याच्याकडे घरात कोणी पाहत नाही. तीस वर्षे संसार केलेल्या बायकोला विचारा, नाकाची सावली ओठावर कुठवर पडते. तिला सांगता येणार नाही. पहिल्या बैठकीत माणूस ताठ असतो. दुसरीत त्याची पाठ दुखते. तिसरीत तो बोलू लागतो, आणि घरी कधी न बोललेले बोलतो. आमचे हात कामात, डोळे त्याच्यावर. असा ऐकणारा त्याला दुसरीकडे कुठे मिळणार? यातून जिव्हाळा उपजतो. पैसे ठरवून सुरू झालेला हा जिव्हाळा खरा मानावा का? आणि मानला, तर आपण बांधील कोणाला, पैसे मोजणाऱ्याला की बसणाऱ्याला?

बाजारातले एक जुने अडते होते. त्यांना नुसते अण्णा म्हणू. पंचाहत्तरीसाठी मुलांनी चित्र सांगितले, विसार दिला आणि बजावले, ‘भाई, वडिलांचा रुबाब दिसला पाहिजे.’ अण्णांच्या डाव्या डोळ्याची पापणी निम्मी मिटलेली. मुलांचे म्हणणे, तेवढी उघडून घ्या. चौथ्या बैठकीला अण्णांनी आपणहून सांगितले की ७२च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडताना कपची उडून डोळ्यात गेली होती. त्या दिवशी हजेरी बुडू नये म्हणून फडके बांधून ते संध्याकाळपर्यंत बसून राहिले. मुलांना यातले काही ठाऊक नव्हते. आम्ही त्याच बैठकीत कोळशाने कागदावर तो डोळा जसाच्या तसा उतरवला. कॅनव्हासवर मात्र पापणी उचलली.

मुले खूश झाली. राहिलेले पैसे त्यांनी जागेवर दिले. अण्णा चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, ‘आमच्या थोरल्या भावासारखा दिसतोय.’ पुढे त्यांचे आमच्याकडे चहाला येणे थांबले.

मुलांची बाजू अगदीच लंगडी नाही. १९६८ साली उघडलेल्या पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरासाठी गोपाळ देऊस्करांनी बालगंधर्वांची दोन चित्रे केली, एक पुरुषवेशातले आणि एक स्त्रीभूमिकेतले. त्यातले खोटे कोणते? मुलांनी बाप गादीवर बसून लिलाव पुकारतानाच पाहिला; त्यांचा अण्णाही खराच. फरक इतकाच की बालगंधर्वांनी ते रूप स्वतः घेतले होते. अण्णांना आम्ही विचारलेसुद्धा नव्हते.

आमच्या घरात तसबिरीचा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. अम्मी म्हणायची, कयामतीच्या दिवशी तुला सांगतील, काढलेस ना, आता यात जीव घाल. तरुणपणी आम्ही अबुल फजलचा आधार घेतला. अकबराचे म्हणणे त्याने ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवले आहे: चित्रकार एकेक अवयव रेखतो, पण त्यात प्राण घालू शकत नाही, म्हणून देणाऱ्याची आठवण त्यालाच अधिक होते. हा दिलासा आम्ही बरीच वर्षे वापरला. अण्णांच्या पापणीपुढे तो पुरेना. जीव घालता येत नाही हे मान्य. पण जगून झालेला चेहरा दुरुस्त करण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? (तो डोळा खडीने गेला, निर्मात्याने नव्हे, असा वाद घालता येईल. आम्ही स्वतःशी घालूनही पाहिला.)

अशा वेळी कोल्हापूरचे आबालाल रहमान आठवतात. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून ते गावी परतले आणि शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केले. म्हणजे आश्रय राजाचा आणि चित्रेही सांगितलेली. तरी त्यांचा जीव रमला तो कोल्हापूरच्या पाण्याकाठी, झाडाझुडपांत. १९२२ साली महाराज गेले, आणि आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली असे सांगतात. १९३१ साली तेही गेले. लोक याला वेडेपणा म्हणतात. आम्हाला वाटते, नुसता पोशिंदा गेला म्हणून कोणी चित्रे बुडवत नाही. चित्र कोणाच्या डोळ्यांसाठी काढायचे, ते डोळेच मिटले असावेत. पैसे देणारा आणि समजणारा एकाच माणसात भेटणे हे नशीब. ते आबालालांना काही वर्षे लाभले. आम्हाला पैसे मुलांनी दिले, आणि समजणाऱ्याला आम्ही थोरला भाऊ करून ठेवले.

कोळशाचा तो कागद अजून आमच्याकडे आहे. मुलांना दाखवावा तर बापाने न सांगितलेले उघडे पडते. फाडावा तर हात होत नाही. मध्यंतरी जळोचीच्या बाजारात अण्णा भेटले. तब्येतीचे विचारून झाले. मग त्यांनीच हळू आवाजात विचारले, ‘भाई, तो कच्चा कागद ठेवलाय का?’

‘आहे,’ आम्ही म्हणालो. ‘आणून देऊ?’

‘नको. तुमच्याकडंच असू द्या.’