अडीच गुंठे, खंडाने

आज हातात काही घेऊ नका. फावडं, दाताळं, बियांच्या पुड्या, सगळं शेडमध्येच राहू द्या. फाटक लोटून आत या आणि वाटेवरच उभे राहा. मार्चचा दुसरा आठवडा आहे, ऊन आहे पण ऊब नाही. कोटाची बटणं लावून घ्या. थोडा वेळ इथे थांबायचं आहे.

समोरचा तुकडा दहा रॉडांचा. इंग्लंडमध्ये अलॉटमेंट, म्हणजे भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळणारा असा तुकडा, अजून या जुन्या मापात सांगतात. आपल्या हिशेबाने चार रॉड म्हणजे एक गुंठा, तेव्हा हे झाले बरोबर अडीच गुंठे. गावाकडचा पाहुणा याला शेत म्हणणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. ही परसबाग आहे, फक्त ती घरामागे नसून चार बसस्टॉप पलीकडे आहे. कौन्सिलच्या यादीत नाव लावलं, वर्षं गेली, पत्र आलं, वर्षाचं भाडं भरलं, किल्ली मिळाली.

आता नजर डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा. वाळलेलं गवत. कुजलेल्या फळ्यांचा एक वाफा. कोपऱ्यात काटेरी गूजबेरीचं झुडूप, त्याला नुकते हिरवे डोळे फुटलेत. जमिनीतून वर येणारे लालसर, सुरकुतलेले कोंब दिसतात का? तो रुबार्ब. कुंपणाशी शेवाळलेल्या खोडाचं सफरचंद. यातलं काहीही तुम्ही लावलेलं नाही. ज्याने लावलं तो गेला, वय झालं म्हणून किंवा गाव बदललं म्हणून. त्याचं नाव तुम्हाला कदाचित कधी कळणार नाही, पण जूनमध्ये गूजबेरी तुम्ही खाणार आहात.

यावर थोडं थांबा. नवा माणूस पहिल्याच शनिवारी सगळं साफ करायला घेतो. करू नका. जे ओळखू येत नाही, ते एक उन्हाळा जागेवर राहू द्या. ज्याला तुम्ही काटक्या समजलात ते रास्पबेरीचे दांडे असू शकतात. तेही दोन तऱ्हांचे असतात. शरदात फळणारी जात फेब्रुवारीत जमिनीलगत छाटायची, उन्हाळ्यात फळणारी मात्र मागच्या वर्षीच्या दांड्यावरच फळते. ती तशी छाटली तर त्या वर्षी हाती काही नाही. कोणती कुठली, हे वर्षभर बघितल्याशिवाय समजत नाही.

आता खाली बसा. मूठभर माती उचला आणि लाडू वळल्यासारखी दाबा. मूठ उघडून अंगठ्याने गोळा हलकेच ढोसा. फुटून मोकळा झाला, तर वापसा आलाय, काम करता येईल. चकाकत, चिकट तसाच राहिला, तर घरी जा. खरंच जा. लंडनच्या आसपासची चिकणमाती ओली असताना तुडवली की उन्हाळ्यात तिच्या विटा होतात. वाफ्यात जाणं भागच असेल तर फळी टाका आणि तिच्यावर उभे राहा, म्हणजे तुमचं वजन एका टाचेखाली जाणार नाही. आपल्या काळ्या रानात पावसानंतर दोन दिवस औत थांबवतात, तोच हा न्याय. इथे फरक एवढाच की पाऊस वर्षभर कधीही येतो, त्यामुळे तुम्हीही वर्षभर थांबणार आहात.

मुठीतल्या मातीत पांढरं, ठिसूळ, दोरीसारखं काही दिसतंय? बाइंडवीडचं मूळ. ते ओढू नका, तुटेल, आणि प्रत्येक तुकड्याचा नवा वेल होईल. काट्याच्या फावड्याने बाजूची माती सैल करा, मूळ कुठवर जातं ते बोटांनी चाचपत जा, सबंध निघेल तेवढं काढा. इथली हराळी म्हणजे काउच ग्रास, तिचंही तेच. कोणी भाड्याचं यंत्र आणून अर्ध्या तासात नांगरून देतो म्हणाला, तर नको म्हणा. तो एका मुळाची शंभर करून जाईल. त्यापेक्षा निम्म्याहून जास्त जमीन जाड पुठ्ठ्याने नाहीतर काळ्या कापडाने झाकून टाका आणि या वर्षी तिला विसरा. उरलेल्यात दोन वाफे करा. दोनच. सॉमरसेटमधले चार्ल्स डाउडिंग खणलेला आणि न खणलेला वाफा शेजारी शेजारी ठेवून वर्षानुवर्षं उत्पन्न मोजत आलेत; वरून कंपोस्टचा थर द्यायचा आणि खालचं काम गांडुळांवर सोडायचं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. अर्थात खणण्यात जो घाम आणि समाधान आहे, त्यासाठीच येणारी माणसंही प्रत्येक साइटवर भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नये, त्यांच्याकडे बहुतेक वेळा उत्तम बटाटे असतात.

उठा, पाय मोकळे करा. आता एक जरा अवघड गोष्ट मनात धरायची आहे: ही जमीन तुमची नाही.

१ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने आपल्याकडे कुळाला मालक केलं. पश्चिम महाराष्ट्रात, कोकणात अजून घराघरांत त्याच्या गोष्टी निघतात, कुठे अभिमानाने, कुठे जमीन गेल्याच्या हळहळीने. इथे तसं होत नाही. अलॉटमेंट कसणारा चाळीस वर्षं कसो, तो कूळच राहतो. १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तिथे असे तुकडे देणं कौन्सिलांवर बंधनकारक केलं. १९२२ च्या कायद्याने सांगितलं की तुकडा चाळीस रॉडांहून मोठा नको आणि पीक मुख्यतः स्वतःच्या घरात खाण्यासाठी हवं. चाळीस रॉड म्हणजे दहा गुंठे. एका कुटुंबाला दहा गुंठे पुरतात, हे प्रयोग परिवाराच्या श्री. अ. दाभोलकरांनी महाराष्ट्रात किती तळमळीने सांगितलं! दोन्हीकडे आकडा तोच यावा, हा योगायोग मला आवडतो.

कुळाला उठवायचं तर साधारण बारा महिन्यांची नोटीस लागते, आणि तिची मुदत ६ एप्रिलच्या आत किंवा २९ सप्टेंबरनंतर संपावी लागते. म्हणजे उभ्या पिकातून कोणी तुम्हाला बाहेर काढू शकत नाही. हा नियम लिहिणाऱ्याने कधीतरी स्वतः वाल लावले असणार, असं मला उगाचच वाटतं.

पण नोटीस बारा महिन्यांची आणि अ‍ॅस्पॅरॅगस वीस वर्षांचा. हे दोन्ही एकत्र मनात ठेवून बघा. अ‍ॅस्पॅरॅगसचे गड्डे मार्च-एप्रिलात लावले की पहिली दोन वर्षं एकही कोंब तोडायचा नाही. कोंब वर येतात, तोंडाला पाणी सुटतं, आणि तुम्ही ते तसेच उंच पिसाऱ्यात वाढू देता, कारण त्या पिसाऱ्यातूनच मुळांत अन्न साठतं. तिसऱ्या वर्षी थोडे तोडायचे. पुढेही दर वर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुरी खाली ठेवायची. रुबार्बही पहिल्या वर्षी तोडत नाहीत. नंतर तोडताना सुरी लावायची नाही, दांडा बुडाशी धरून पिळत ओढायचा, पानं कंपोस्टात टाकायची. ती विषारी असतात. सफरचंदाचं कलम हिवाळ्यात उघड्या मुळांचं मिळतं. केंटमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रात निघालेल्या एम-२६ सारख्या बुटक्या खुंटावरचं घेतलं तरी दोन-चार वर्षं वाट बघावी लागते. आणि हे सगळं वर्षाच्या भाड्यावर.

तुम्ही लावाल का? घाईने उत्तर देऊ नका. तोपर्यंत त्या गूजबेरीकडे परत एकदा बघून घ्या.

आता काळ पुढे सरकवू. एप्रिलमध्ये चार दिवस इतके सुंदर येतात की अख्खं शहर रोपवाटिकेत लोटतं आणि टोमॅटो, भोपळा, रनर बीनची रोपं घेऊन येतं. तुम्ही रिकाम्या हातांनी परत या. दक्षिण इंग्लंडातही मेच्या मध्यापर्यंत एखाद्या रात्री दव गोठतं, उत्तरेकडे आणखी उशिरापर्यंत. सकाळी पानं काळी पडलेली असतात. तोवर रोपं खिडकीत वाढू द्या, रोज थोडा वेळ बाहेर ठेवून त्यांना वारा दाखवा.

मेथी मात्र जमते, आणि झकास जमते. मे संपताना दाट पेरा, महिन्याभरात भाजीला येते. लेस्टरपासून लंडनपर्यंत ज्या साइटवर आपली माणसं आहेत, तिथे मेथीचा वाफा लांबून ओळखू येतो. कोथिंबिरीचं तंत्र वेगळं. जूनमध्ये लंडनचा दिवस साडेसोळा तासांचा होतो. एवढ्या लांब दिवसांत कोथिंबीर पानं सोडून तुऱ्याच्या मागे लागते. ऑगस्टमध्ये पुन्हा पेरा, दिवस आखडू लागले की ती शांतपणे पानं देते. जूनची तुऱ्यावर आलेली उपटू मात्र नका. त्या बारीक पांढऱ्या फुलांवर होवरफ्लाय नावाच्या माश्या येतात आणि त्यांच्या अळ्या मावा खातात. शेजारी ब्रॉड बीनच्या शेंड्यांवर काळा मावा चढलेला असतो. शेंगा धरू लागल्या की शेंडे खुडून टाकायचे.

एकदा पावसानंतर रात्री बॅटरी घेऊन या. दिवसा ज्या वाफ्यात काही नव्हतं, तिथे गोगलगाई आणि बिनशंखी स्लग कोबीच्या रोपांवर चरत असतात. त्यांना वेचता येतं, पण सगळ्यांना संपवता येत नाही. म्हणून दहा रोपं हवी असतील तर पंधरा तयार करा आणि थोडी मोठी, दणकट झाल्यावरच बाहेर लावा. पाणी रोज शिंपडू नका. आठवड्याला एकदा बुडाशी झारीभर द्या, म्हणजे मुळं खाली जातात.

जुलै संपताना बटाट्याच्या पानांवर तपकिरी डाग दिसतील. ब्लाइट, १८४५ पासून आयर्लंडला उपाशी मारणारा तोच रोग. पाला जमिनीलगत कापून उचलून न्या, मग दोन आठवडे बटाट्यांना हात लावू नका. साली घट्ट होतात आणि वर सांडलेले रोगाचे कण मरतात.

आणि कूर्जेट, म्हणजे झुकिनी. दोन रोपं पुरे, हे कोणी ऐकत नाही, तुम्ही ऐका. एक दिवसाआड फळ येतं, आठवडाभर सुट्टीवर गेलात तर मनगटाएवढ्याचं मुसळ होतं. थालीपीठ होईल, भरीत होईल, मग ऑफिसात वाटाल, मग लोक तुम्हाला टाळू लागतील. स्वतःच्या घरात खाण्यासाठी पीक हवं, असं म्हणणाऱ्या कायद्याला कूर्जेट माहीत नसावा. फाटकाशी एक टेबल असतं, त्यावर ठेवून द्या. त्याच टेबलावरून कोणाच्या तरी रोपावरची मिरची उचला.

आता ऑक्टोबरात येऊन थांबू. लसूण लावायचा महिना, इथे आणि आपल्याकडेही. पाकळ्या सोडवा, जाड तेवढ्या निवडा. बूड खाली, टोक वर, वीतभर अंतर, टोकावर दोन बोटं माती. थंडी लागल्याशिवाय लसणाच्या पाकळ्या सुटत नाहीत. नाहीतर कांद्यासारखा एकसंध गोळा निघतो. तेव्हा येणाऱ्या कडाक्याबद्दल या वाफ्यासमोर तरी तक्रार करू नये. कबुतरं टोकं उपटतात, म्हणून वरून जाळी टाका.

जाताना एक काम. खिशात पेन्सिल असेल तर पत्र्याच्या पट्टीवर लिहून खोचा: सफरचंदाची जात कळली असेल तर ती, रास्पबेरी शरदातली की उन्हाळ्यातली, अ‍ॅस्पॅरॅगस लावलंत तर त्याचं वर्ष. शाई पुसली जाते, पेन्सिल टिकते. आणि लिहा इंग्रजीत, यादीत पुढचं नाव कोणाचं आहे ते तुम्हाला ठाऊक नाही.