घरटी एक नोकरी

उद्योगधंद्यांनी स्त्रियांच्या उन्नतीस हातभार लावावा, असे आज सर्वच म्हणतात, उद्योगपतीही म्हणतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस सरासरी निव्वळ नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कार्यास लावावयास सांगितले असून त्या कार्यांच्या यादीत स्त्री-पुरुष समतेचाही निर्देश आहे. त्यामुळे कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत ह्या विषयास एखादे पान हटकून मिळते, आणि त्या पानावर शिलाईयंत्रापुढे बसलेल्या स्त्रियांचे छायाचित्र असते. आमचे त्या छायाचित्राशी वैर नाही. एका गावास अशा किती शिवणारणी पुरतात, हा क्षुद्र प्रश्नही आम्ही येथे बाजूस ठेवतो. आमची शंका आहे ती त्या पानामागील गृहीताविषयी. उद्योग जे देतो ते तो आपल्या पदरचे देतो, हे ते गृहीत होय. देणगी आणि देणे हे शब्द सख्खे असले तरी देणगीने देणाऱ्याचे नाव होते आणि देणे फेडल्याने केवळ त्याचे ओझे उतरते. स्त्रियांच्या बाबतीत उद्योगांच्या देणगीखाती काय जमा आहे, हे सर्वांस दिसते. देण्याच्या खाती काय थकले आहे, हे पाहावयाचे असेल तर राजुऱ्यासारख्या ठिकाणाकडे दृष्टी वळविली पाहिजे.

बल्लारपुराहून वर्धा नदी ओलांडली की राजुरा लागते. हा मुलूख पूर्वी निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला, प्रथम नांदेड जिल्ह्यास व १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडला गेला. वर कापूस-तुरीची काळी जमीन आणि खाली दगडी कोळसा, असे ह्या भूमीचे दुहेरी भाग्य आहे. सास्ती, गोवरी, पोवनी ह्या गावांची नावे आता पिकांपेक्षा वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींमुळेच अधिक ठाऊक आहेत. पश्चिमेस गडचांदूर-आवारपुराच्या बाजूस सिमेंटचे कारखाने आहेत. कोळशाची जमीन १९५७ च्या कोळसाधारी क्षेत्र कायद्याखाली घेतली जाते. तिचा मोबदला मिळतो, आणि शिवाय दोन एकरांमागे एक नोकरी मिळते. ज्याची जमीन त्याहून थोडी, तो दुसऱ्याची जोडून एक नाव देतो. लोकांच्या तोंडी ह्या साऱ्या व्यवहाराचे सार म्हणजे घरटी एक नोकरी. ह्या तीन शब्दांत न्यायही आहे आणि अन्यायही. आणि अन्याय आहे तो ‘घर’ ह्या शब्दात.

कापसाच्या शेतात कोण काय करतो, हे वऱ्हाड-चांद्याकडील वाचकांस सांगावयास नको. वखरणी, डवरणी पुरुषाची. पण बियाणे टोबणे, निंदण, आणि पुढे दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन होळीच्या आसपासपर्यंत रेंगाळणारी वेचणी ही बायकांची. घरचे निंदण संपले की ती दुसऱ्याच्या बांधावर जाते आणि त्या मजुरीचे चार पैसे तिच्या स्वतःच्या मुठीत येतात. नवऱ्यास न विचारता जे काही ती खर्चू शकते, ते बहुधा ह्याच पैशांतून. जमीन खाणीत गेली म्हणजे हे सर्व जाते. परंतु सातबाऱ्यावर निंदणाची नोंद नसते. तेथे मालकाचे नाव असते आणि ते बहुधा पुरुषाचे असते. म्हणून मोबदल्याचा हिशेब होतो तेव्हा स्त्रीचे काहीच गेलेले नसते. ज्या बाईच्या नवऱ्याची मुळीच जमीन नव्हती, जी केवळ दुसऱ्याच्या शेतावर राबून पोट भरीत होती, तिचे तर ह्या हिशेबात नावसुद्धा येत नाही.

येथे कायदा मुलीच्या विरुद्ध नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये व संसदेने २००५ मध्ये एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. परंतु वाटा मिळणे आणि वाटा घेणे ह्यांच्यामध्ये हक्कसोडपत्र नावाचा एक कागद असतो. भाऊबीजेचे माहेर टिकावे म्हणून बहीण त्यावर सही करते. भाऊ नोकरीस लागतो. कंपनीच्या कचेरीत ‘इतर वारसांची हरकत नाही’ असा शेरा पडून फाईल मिटते. ह्यात कोणी कोणास फसविलेले नसते. म्हणूनच हा प्रश्न नीतीचा आहे. तो फौजदारीचा असता तर पुष्कळ सोपा झाला असता.

कामावर असता कामगार मृत्यू पावला तर त्याच्या आश्रितास नोकरी देण्याची तरतूद कोळसा कामगारांच्या राष्ट्रीय वेतनकरारात आहे. तीत विधवेस नोकरी अथवा दरमहा ठराविक रक्कम असा पर्याय ठेवलेला होता. ज्या घरी बारा वर्षांचा वा त्याहून मोठा मुलगा असेल, तेथे त्याचे नाव एका पटावर लिहून तो वयात येईपर्यंत जागा राखून ठेवावी आणि तोवर आईस दरमहा रक्कम द्यावी, अशीही योजना होती. योजना दयेची आहे, ह्यात संशय नाही. पण तिचा अर्थ काय होतो तो पाहावा. तीस वर्षांची धडधाकट स्त्री घरी बसते आणि बारा वर्षांच्या पोरासाठी सहा वर्षे नोकरी राखली जाते. त्याच घरात सोळा वर्षांची मुलगी असली तरी पट तिच्यासाठी नाही. विवाहित कन्येस तर आश्रितांच्या व्याख्येतच स्थान नव्हते. ते वगळणे घटनेस धरून नाही, असे छत्तीसगड उच्च न्यायालयास २०१६ मध्ये सांगावे लागले.

ह्यावर उद्योगाचे उत्तर ठरलेले असते, आणि ते अगदीच पोकळ नाही. तो म्हणतो, आम्ही घरास नोकरी देतो. कोणाचे नाव द्यावे हे घराने ठरवावे. लोकांच्या चुलीपर्यंत जाण्याचा आम्हास काय अधिकार? आम्हासही क्षणभर हे पटते. कारखान्याच्या व्यवस्थापकाने कुटुंबांत पंचाईत करीत फिरावे, असे कोण म्हणेल? परंतु थोडा विचार करता असे दिसते, की हे ‘घर’ उद्योगाला एरवी कधीच आठवत नाही. हजेरीपटावर घर नसते, माणूस असतो. पगार त्याच्या नावे होतो, दंड त्याला होतो, बढती त्याची होते, आणि पगारातून घरी किती पोचते ह्याची कंपनी चौकशी करीत नाही. जो उद्योग सर्वत्र व्यक्ती ओळखतो, तो नोकरी देण्याच्या त्या एका क्षणी मात्र व्यक्ती सोडून कुटुंबाशी बोलू लागतो, आणि कुटुंबाच्या वतीने बोलावयास कर्ता पुरुष पुढे होतो. ह्याला तटस्थता म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, कारण तो स्त्रियांकडूनच येतो. आई स्वतःच म्हणते, नोकरी मुलास द्या. तिला अज्ञानी म्हणून हसणे हा शहाण्यांचा आवडता उद्योग आहे. आम्ही त्यात सामील होणार नाही. तिचा हिशेब बरोबर असतो. मुलगी उद्या परगावी जाईल. मुलास नोकरी असली तर त्याचे लग्न होईल आणि आपले म्हातारपण निभेल. आणि खाण म्हणजे रात्रपाळी. गावाहून तेथवर बस नाही. अंगावरचे मूल ठेवावे कोठे? त्या परिस्थितीत आम्हीही हेच ठरविले असते. मात्र त्या परिस्थितीतील माणसांचे रिवाज वजा केले तर पाळीचे वेळापत्रक, बस आणि पाळणाघर उरते, आणि ह्या तिन्ही गोष्टी मालकाच्या हातच्या आहेत. नकाराची वाट ज्याने बांधावयाची त्यानेच ती बांधली नाही, तर होकारास संमती कसे म्हणावे?

खाण हे बायकांचे काम नव्हे, हा समज तरी कोठून आला? तो फार जुना नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातील कोळशाच्या खाणींत पूर्वी नवरा कोळसा फोडी आणि बायको टोपलीत भरून वाही, अशी जोडीने कामे चालत. १९२९ च्या नियमांनी स्त्रियांस भूगर्भातून हळूहळू बाहेर काढण्यास आरंभ झाला व १९३७ मध्ये ते पूर्ण झाले. भूगर्भातील ते काम भयंकर होते. बंदीचा हेतू चांगला होता, ह्यात वाद नाही. परंतु महायुद्धात कोळसा कमी पडू लागताच, १९४३ मध्ये, मध्यप्रांत, बंगाल, बिहार येथे बंदी उठविण्यात आली आणि बायका पुन्हा खाली उतरल्या. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ती परत बसविण्यात आली. जे संरक्षण कोळशाची निकड लागताच काढून घेता येते, ते कोणाच्या सोयीसाठी होते, हे वाचकांनीच ठरवावे. स्वतंत्र भारताच्या १९५२ च्या खाण कायद्यानेही स्त्रीस भूगर्भ बंद ठेवला आणि वरचे कामही सकाळी सहा ते सायंकाळी सात एवढ्यापुरतेच दिले. दरम्यान यंत्रे आली, टोपली गेली. राजुऱ्याकडच्या उघड्या खाणींत आज जे अवजड वाहन चालविले जाते त्याला बाहुबळ लागत नाही. लागते ते शिक्षण आणि परवाना. पुरुषास ते कंपनी देते. टोपली वाहणारी बाई चालली, मात्र चाकामागे बसलेली बाई चालत नाही, ह्यातील तर्क आम्हास उमगलेला नाही.

खर्चाचाही एक मुद्दा आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली व पन्नास वा अधिक माणसे असतील तेथे पाळणाघर आवश्यक झाले. हा भार एकट्या मालकावर पडतो, म्हणून लहान धंदेवाला स्त्रीस घेण्यास कचरतो. त्याची अडचण खरी आहे आणि तिच्यात सरकारने वाटा उचलला पाहिजे. परंतु कोळसा कंपनीने वा मोठ्या सिमेंट कारखान्याने ही सबब सांगू नये. शिलाईयंत्रांच्या छायाचित्रासाठी जे दोन टक्के आहेत, त्यांना हात न लावताही एक बस आणि एक पाळणाघर चालविता येईल.

२०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारने स्त्रियांस खाणीच्या पृष्ठभागावर रात्री, आणि भूगर्भात दिवसा तांत्रिक व देखरेखीची कामे करण्यास मोकळीक दिली. २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कामगार संहितेनेही संमतीपूर्वक सर्व कामे स्त्रीस खुली करण्याचे तत्त्व स्वीकारले. २०१९ च्या त्या आदेशात दोन अटी होत्या: स्त्रीची लेखी संमती हवी, आणि एका पाळीत किमान तीन स्त्रिया हव्यात. रात्री कामावर येण्यास तिची लेखी संमती लागते. भावाच्या नावे नोकरी लिहिताना तिची मान खाली असली तरी पुरते. आणि दुसऱ्या अटीचा परिणाम असा, की ज्या खाणीत एक किंवा दोनच स्त्रिया असतील, तेथे त्यांनाही पाळीवर पाठविता येत नाही, आणि ‘आमच्याकडे तेवढ्या बायकाच नाहीत’ हे उत्तर नियमाला धरूनच देता येते. तिसरी मिळत नाही म्हणून पहिल्या दोघी बसून राहतात. ती तिसरी बहुधा जवळच्याच गावात, खाणीत गेलेल्या शेताच्या कडेला राहत असते, आणि तिच्या वाट्याच्या नोकरीवर तिचा भाऊ रोज सकाळी तिच्याच दारावरून जातो.